पृथ्वी आकसली तर दिवस किती तासांचा होईल?

ताई, तुम्ही ऐरोलीहून विचारलंय की पृथ्वी फुगली किंवा आकसली तर दिवसाची लांबी बदलेल का. शिवाय नववीतल्या लेकीची शंका : मोठं झाल्यावर ग्रह सावकाश फिरत असेल, तर एवढा अवाढव्य गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती कसा फिरतो? शंका फार चांगली आहे, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

वस्तुमान तेवढंच राहिलं आणि बाहेरून कोणी ढकललं-ओढलं नाही, तर ग्रहाचा कोनीय संवेग (फिरण्याचा वेग आणि वस्तुमान आसापासून किती लांब पसरलंय, या दोन्हींवर ठरणारं फिरण्याचं माप) बदलत नाही. फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की वेग वाढतो, तसंच. वस्तुमान आसापासून जितकं लांब, तितकं ते फिरवणं अवघड, आणि ते अंतराच्या वर्गाने अवघड होतं. म्हणून त्रिज्या निम्मी झाली तर दिवस ६ तासांचा, दुप्पट झाली तर ९६ तासांचा. मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. निम्म्या पृथ्वीवर गुरुत्व चौपट होईल, पण विषुववृत्तावर बाहेर फेकणारा जोर आठपट होईल. आज तो गुरुत्वाच्या साधारण १/२८९ आहे, तेव्हा दुप्पट प्रमाणात जाणवेल.

गुरू मात्र आपल्या पृथ्वीला फुगवून झालेला नाही. तयार होताना त्याने ओढून घेतलेल्या वायूने स्वतःची गतीही सोबत आणली. त्यामुळे नुसता आकार बघून वेग सांगता येत नाही. शुक्र जवळपास पृथ्वीएवढाच, पण त्याला एका फेरीला २४३ दिवस लागतात.

खऱ्या पृथ्वीवर हे घडतंय का? हो, अगदी थोडं. आपल्या ठाणे खाडीत येते तशी भरती-ओहोटी जगभर चालू असते. चंद्रामुळे होणाऱ्या या घर्षणाने दिवस शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा. प्राचीन ग्रहणांच्या नोंदींवरून मात्र तो सुमारे १.८ नेच लांबलेला दिसतो. फरकाचं मुख्य कारण : हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर ध्रुवांकडची जमीन अजून वर येतेय, पृथ्वी किंचित गोल होतेय आणि वस्तुमान आसाजवळ सरकतंय. आता ग्रीनलंडचं बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरतं, त्याचा परिणाम बरोबर उलटा.

लेकीला एक गणित द्या : त्रिज्या फक्त १ टक्क्याने घटली तर दिवस किती मिनिटांनी कमी होईल? उत्तर २९ च्या जवळपास यायला हवं.