कोरल गेबल्समधली ती 'स्पॅनिश' घरं खरंच जुनी आहेत का? मायामीला आलो तर बघावीत का?

स्पॅनिश लोकांनी नाही हो बांधलेली! शेजारच्याच भागात राहतो, पाहुणे आले की तिकडे चक्कर ठरलेलीच, म्हणून सांगतो. जॉर्ज मेरिक या पाद्र्याच्या मुलाने घरच्या ग्रेपफ्रूटच्या बागेभोवती प्लॉट पाडले आणि १९२१ साली विक्री सुरू केली; त्यातूनच मायामीला लागून हे कोरल गेबल्स गाव उभं राहिलं. जुन्या स्पेन-इटलीचा थाट त्याने ठरवून घेतला: कमानी, अंगण, खरबरीत गिलावा, आणि छपरावर आपल्याकडे नळीची कौलं असायची तशीच अर्धगोल कौलं. म्हणजे नवंकोरं घर जन्मतःच म्हातारं. आता मात्र या सोंगालाच शंभर वर्षं झाली.

वेळ कमी असेल तर 'व्हेनेशियन पूल' हा पोहण्याचा तलाव चुकवू नका. मी कोकणातला, चिरेखाणी पाहत वाढलो. चिरे काढून झाले की उरतो तो खड्डा, पावसात तळं. इथे घरांसाठी दगड काढून उरलेल्या खाणीचाच १९२४ साली हा तलाव केला. दगडाला 'कोरल रॉक' म्हणतात, पण तो पोवळ्याचा नाही, चुनखडीचा. बिल्टमोर हॉटेलचा मनोरा स्पेनमधल्या सेव्हिलच्या हिराल्डा या घंटेच्या मनोऱ्यावरून बेतलेला, तो लांबूनही दिसतो.

मग मेरिकला वाटलं, नुसतं स्पॅनिश किती दिवस? म्हणून चिनी, फ्रेंच, डच दक्षिण आफ्रिकी धाटणीच्या छोट्या वाड्या योजल्या. पण जमिनीचा बाजार बसला, सप्टेंबर १९२६ मध्ये चक्रीवादळ आलं, आणि योजल्या होत्या त्याहून बऱ्याच कमी झाल्या. मेरिकचं गावही हातातून गेलं. शेवटी तो मायामीचा पोस्टमास्तर होता.

गाईड सहसा सांगत नाहीत ते एक. इथे राबलेले कितीतरी मजूर बहामातून आलेले कृष्णवर्णीय, राहायला जवळच्या कोकोनट ग्रोव्हमध्ये. खरेदीखतांतच अट असायची की घर गोऱ्यांनाच विकायचं. असल्या अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं. तेव्हा मी ज्या रस्त्यांवरून पाहुणे मिरवतो, तिथे आपल्यालाही कुणी घर दिलं नसतं.

सकाळी या आणि पायीच फिरा. रस्त्यांची नावं जमिनीलगतच्या पांढऱ्या दगडांवर लिहिलेली आहेत, गाडीतून ती वाचेपर्यंत वळण मागे पडतं. चिनी वाडीतली रंगीत कौलं मात्र गाडीतूनही दिसतात.