आयर्लंड, एरे की आयरिश प्रजासत्ताक?

प्रश्न असा आहे : ‘आयर्लंड’, ‘दक्षिण आयर्लंड’, ‘आयरिश प्रजासत्ताक’, ‘एरे’ यांपैकी देशाचे खरे नाव कोणते? आणि उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या माणसाला आयरिश म्हणायचे की ब्रिटिश?

देशाचे नाव आयर्लंड, एवढेच. १९३७च्या राज्यघटनेचे चौथे कलम सांगते की राष्ट्राचे नाव ‘एरे’, इंग्रजीत ‘आयर्लंड’. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ हे नाव नव्हे, वर्णन आहे. १९४८च्या कायद्याने ते ठरले आणि १८ एप्रिल १९४९पासून लागू झाले. उत्तर आयर्लंडशी गल्लत होण्यासारखी असेल तिथेच ते वापरावे. ‘आयरिश प्रजासत्ताक’ मात्र ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावात घोषित झालेल्या आणि १९१९ ते १९२२ या लढ्याच्या काळातल्या प्रजासत्ताकासाठी राखून ठेवावे. आजच्या देशाला लावले की इतिहासाचा घोळ होतो.

‘दक्षिण आयर्लंड’ तर नकाशावरही टिकत नाही. बेटावर ३२ परगणे. १९२१च्या फाळणीत सहा ‘उत्तर आयर्लंड’ म्हणून युनायटेड किंगडममध्ये राहिले, उरलेल्या २६ परगण्यांचे पुढच्या वर्षी वेगळे राज्य झाले. या २६ मध्ये डोनेगल येतो, आणि बेटाच्या मुख्य भूमीचे अगदी उत्तरेचे टोक, मॅलिन हेड, डोनेगलमध्येच आहे! उत्तर आयर्लंडला ‘अल्स्टर’ म्हणणेही तसेच चुकीचे. अल्स्टर प्रांत नऊ परगण्यांचा. त्यातले डोनेगल, कॅव्हन आणि मोनहन हे तीन आयर्लंडमध्ये आहेत.

आता ‘एरे’. आयरिश भाषेत बोलताना हा शब्द अगदी स्वाभाविक आहे. इतर भाषेच्या वाक्यात तो घुसवला की खटकतो, कारण या राष्ट्राला ‘आयर्लंड’ म्हणणे टाळायला लंडनचे सरकार अनेक वर्षे तोच वापरत असे. शब्द मोठा सुरेख आहे. मराठी नामासारखाच तो विभक्तीत रूप बदलतो : षष्ठीत ‘एरन’, आणि ‘आयर्लंडमध्ये’ म्हणायचे तर ‘एरिन’. कवितांमधले ‘एरिन’ हे असे विभक्तीचे रूप आहे. रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरावरची तिरकी रेघ गाळू नये. ती गेली की शब्दाचा अर्थ ‘ओझे’ होतो. भाषेला ‘आयरिश’ म्हणावे. नुसते ‘गेलिक’ म्हटले तर स्कॉटलंडची भाषा की इथली, हे कळत नाही.

बेलफास्टच्या माणसाचे उत्तर नकाशा देत नाही. १९९८च्या गुड फ्रायडे कराराने, म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या शांतता कराराने, उत्तर आयर्लंडच्या लोकांना स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा आणि दोन्ही नागरिकत्वे घेण्याचा हक्क मान्य केला. तेव्हा तो माणूस स्वतःला जे म्हणवतो तेच लिहावे. ते माहीत नसेल तर ‘उत्तर आयर्लंडचा’ लिहावे. त्यात कुणाचा अपमान नाही. ‘इंग्लिश’ मात्र कधीच नको. क्रिकेटचा आयर्लंड संघ अख्ख्या बेटाचा असतो, म्हणून संघातल्या खेळाडूवरून तो सीमेच्या कुठल्या बाजूचा हे ठरवू नये. फुटबॉलचे संघ दोन आहेत.

आयर्लंडच्या फाळणीपूर्वीच्या माणसांबाबत आणखी जपावे. भगिनी निवेदिता १८६७ साली टायरोन परगण्यातल्या डंगॅननला जन्मल्या आणि १९११ साली वारल्या. त्यांच्या हयातीत उत्तर आयर्लंड नावाचा प्रदेश नव्हताच. ‘जन्म : डंगॅनन, आयर्लंड (आता उत्तर आयर्लंडमध्ये)’ असे लिहिले की काम भागते.