रबर स्टॅम्पिंगला सुरुवात कुठून करावी आणि स्वतःची शैली कशी घडते?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याला राहता, व्हिडिओ पाहून रबर स्टॅम्पिंगची, म्हणजे शिक्क्यांच्या ठशांनी कार्डं सजवण्याची, ओढ लागली, पण गावात त्याचं सामान कुठे दिसत नाही आणि ऑनलाइन सेटच्या किमती पाहून हात आखडता घ्यावा लागतो. शिवाय सगळ्यांची कार्डं एकसारखीच दिसतात, मग आपली शैली येणार कुठून, हा प्रश्न. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) घ्यावी का, हेही विचारलंय. मी भुसावळची. बरीच वर्षं या कामात आहे आणि अजूनही नवा शिक्का हातात आला की बाकीची कामं बाजूला पडतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक शिक्का, एक पॅड आणि भरपूर कागद घ्या. सेट आत्ता घेऊच नका. सेटमध्ये फूल असतं, त्याला जुळणारं पान असतं, त्या पानाला जुळणारी अक्षरं असतात. कुठे काय बसणार हे सेट बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, आणि कार्डं एकसारखी दिसतात ती त्यामुळेच. एकच शिक्का असला की सगळं ठरवायला तुम्हीच उरता. शाई किती, दाब किती, दोन ठशांत अंतर किती, थांबायचं कुठे. शैली म्हणतात ती मला तरी एवढ्याच गोष्टींत दिसते.

शिक्का गावातच मिळेल. कोर्ट, तहसील कचेरी यांच्या आसपास शिक्के बनवणारे असतातच. ते हुद्द्याचे आणि दुकानाचे शिक्के करतात, पण चित्र नेलं तर चित्राचाही करून देतात. पांढऱ्याशुभ्र कागदावर काळ्या जेल पेनने चित्र काढून न्या. पेन्सिलच्या छटा चालत नाहीत. काळं म्हणजे काळं आणि पांढरं म्हणजे पांढरं. पॉलिमरचा (रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचा) शिक्का करणारे त्या चित्राची निगेटिव्ह काढतात आणि तिच्यातून यूव्ही प्रकाश सोडतात. प्रकाश लागतो तिथे पॉलिमर घट्ट होतं, उरलेलं धुऊन जातं. लेसरवाले रबराचा नको तेवढा भाग जाळून काढतात. दोन्हीत रेघा फार जवळजवळ असल्या की मधल्या फटीत शाई भरते आणि ठसा गिचमिड येतो, तेव्हा रेघांमध्ये जागा सोडा. आणि ‘प्री-इंक नको, साधा शिक्का हवा’ हे आधीच सांगा. प्री-इंकमध्ये शाई आतच मुरलेली असते, मनाला येईल तेव्हा रंग बदलता येत नाही.

अक्षरांचं मात्र वेगळं आहे. बाजारातले अक्षरांचे बहुतेक सेट रोमन लिपीतले. देवनागरीची सुटी अक्षरं वापरायची म्हटली तर काना, वेलांटी, जोडाक्षर जुळवताना शिरोरेघ वरखाली होते. त्यापेक्षा अख्खा शब्द एका शिक्क्यात घ्यावा, आणि तोही स्वतःच्या हस्ताक्षरात. माझ्याकडे ‘आखाजी’ आणि ‘माय’ असे दोन शब्दांचे शिक्के आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकींसाठी कार्डं करते, त्यांवर दुसरं काहीच लिहावं लागत नाही. छापील वळणाच्या सुंदर फॉन्टपेक्षा आपलं वाकडंतिकडं अक्षर कार्डावर शतपटीने जिवंत वाटतं, हे माझं ठाम मत आहे.

कागदासाठी लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये जा. कटिंगनंतर जाड कागदाच्या पट्ट्या उरतात, त्या मागितल्या की बहुतेक ठिकाणी देतात. त्यांत गुळगुळीत चकचकीत कागद असतो आणि मॅटही असतो. सरावाला दोन्ही घ्या. चकचकीत कागदावर शाई वाळायला वेळ लागतो आणि बोट लागलं की फराटा उठतो. मॅट कागद शाई लगेच धरतो. खरखरीत हातकागद दिसायला देखणा, पण बारीक नक्षी त्यावर तुटक उमटते. त्यासाठी ठळक चित्राचा शिक्काच लागतो.

शाईची सुरुवात ऑफिसच्या जांभळ्या पॅडने केलीत तरी चालेल. लोक त्याला नाकं मुरडतात. पण ती पाण्यात विरघळणारी शाई आहे. ठसा मारून त्याच्या रेघेवरून ओला ब्रश फिरवला की रेघेतून रंग ओढला जातो आणि पानाच्या आत फिकट जांभळी छटा पसरते. म्हणजे एकाच पॅडमध्ये रेघही आली आणि रंगही आला. पुढे पॅड घ्याल तेव्हा दोन जाती लक्षात ठेवा. डाय शाई कागदात मुरते, पटकन वाळते, पण सतत उजेडात राहिली की फिकी पडत जाते. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते, सावकाश वाळते आणि रंग जास्त टिकवते. ठशाच्या चित्रात वॉटरकलर भरायचा असेल तर वाळल्यावर पाण्याने न पसरणारी काळी शाई लागते, आणि ती घेताना डबीवर तसं स्पष्ट लिहिलंय ना, ते पाहून घ्या.

ठसा मारायची पद्धत दोन मिनिटांत समजते, हातात बसायला वेळ लागतो. शिक्का मोठा असेल तर तो उलटा धरून त्यावर पॅड हलके हलके थापटावं, म्हणजे शाई सगळीकडे सारखी लागते. कागदाखाली जुना माउसपॅड किंवा वर्तमानपत्राची घडी ठेवा. सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. ऑफिसात शिक्का मागेपुढे झुलवून मारायची सवय असते, ती इथे सोडावी लागते, कारण झुलवला की कडेची शाई कागदाला लागते. नव्या पॉलिमरवर शाई थेंब-थेंब होऊन बसत असेल तर त्यावरून पांढरा खोडरबर अलगद फिरवा. धुवायला ओलं फडकं पुरतं. स्पिरिट, थिनर पॉलिमरला लावू नका.

आता शैलीकडे. माझ्या वह्या ओळीने उघडल्या तर सुरुवातीच्या पानांवर चित्र मधोमध, चारी बाजूंनी किनार आणि खाली शब्द असंच दिसतं. सगळ्यांची सुरुवात अशीच होते आणि ती चांगली असते, कारण सरळ, स्वच्छ ठसा मारायला हात त्यातूनच शिकतो. पुढचा बदल ठसा कागदाबाहेर जाऊ दिला तेव्हा आला. खाली रद्दीचा कागद ठेवायचा आणि शिक्का असा मारायचा की अर्धं पान कार्डावर उमटेल, अर्धं रद्दीवर जाईल. एवढ्याने कार्ड मोठं वाटायला लागतं, बाहेर अजून बरंच काही आहे असं.

त्यानंतर मी एका गोष्टीत फार रमले, आणि तुम्हालाही तीच पहिल्यांदा करून बघायला सांगेन. केळीच्या पानाचा एकच शिक्का घ्या. आधी त्याचा एक ठसा चिकट नोटच्या कागदावर मारून कडेकडेने कापून ठेवा. मग शाई लावून कार्डावर पहिला ठसा मारा, हे सगळ्यात पुढचं पान. ते कापलेलं पान लगेच पहिल्या ठशावर बरोबर बसवा. हा झाला मास्क. आता शिक्क्याला पुन्हा शाई न लावता, थोडा सरकवून, मास्कवरून दुसरा ठसा मारा. तो फिकट येतो आणि मास्क काढला की पहिल्या पानाच्या मागे गेलेला दिसतो. शाई न लावताच तिसरा मारा, तो आणखी फिकट, आणखी मागे. एका शिक्क्यात, एका रंगात यावल-रावेरकडची केळीची बाग उभी राहते, पुढची पानं दाट आणि मागची उन्हात विरलेली. पुढचं पान आधी आणि मागचं नंतर, हा क्रम तेवढा पाळायचा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

कोरकाम सुरू केलं की शैली झपाट्याने बदलते. साधा पांढरा खोडरबर घ्या. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने चित्र काढा, ते रबरावर उपडं ठेवून नखाने घासा. चित्र उलटं उतरतं आणि ठसा मारल्यावर आपोआप सुलटं होतं, त्यामुळे अक्षरांचीही चिंता नको. लिनो (छापकामासाठी कोरायचं लिनोलियम) कापायची व्ही आकाराची पटाशी घ्या, ती नसेल तर सुरुवातीला पेपर कटरही चालतो. रेघेच्या कडा खाली उतरत्या ठेवा, आत पोखरू नका. पोखरलेली रेघ दाबल्यावर वाकते आणि चार ठशांत तुटते. वळण घेताना हत्यार जागेवर ठेवून रबर फिरवा, रेघ गुळगुळीत येते. कापसाचं बोंड, वांगं, कडुनिंबाची डहाळी असे आकार पहिल्यांदा बरे. जे कोराल ते पांढरं राहतं, जे ठेवाल ते छापलं जातं, आणि ही उलटी नजर यायला काही दिवस जातात. चित्राभोवतीची जागा कापताना हत्याराच्या बारीक खुणा राहतात आणि त्याही छापल्या जातात. काही जण त्या साफ करतात. मी ठेवते. त्या माझ्या हाताच्या आहेत, दुसऱ्या कुणाच्या शिक्क्यात तशा येणार नाहीत.

चित्रकार नंदलाल बोस यांचं १९३० चं लिनोकट, म्हणजे लिनो कोरून छापलेलं चित्र, तुम्ही नक्की पाहिलं असेल, दांडीयात्रेतले काठी घेऊन चालणारे गांधीजी. काळं आणि पांढरं, बस. आपण खोडरबरावर करतो तेच तंत्र, काय ठेवायचं आणि काय काढायचं एवढंच. याच नंदलालबाबूंनी १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसच्या अधिवेशनाची सजावट केली होती, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. बांबू आणि आसपास मिळेल तेच साहित्य त्यांनी वापरलं. सामान मिळत नाही म्हणून मन खट्टू झालं की मी त्या फैजपूरची आठवण काढते. इथून ते हाकेच्या अंतरावर आहे.

शैली ओळखायची कशी, तर चाचणीचे ठसे फेकू नका. वहीत चिकटवा, शेजारी शाई, कागद आणि तारीख लिहा. काही महिन्यांनी वही एका बैठकीत चाळा आणि जिथे नजर अडते तिथे खूण करा. त्या खुणांमध्ये सारखं काय आहे ते शोधा. माझ्या वहीत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा निघाल्या: कार्डाची डावी बाजू मी रिकामी ठेवते, आणि मला भरदार ठशापेक्षा शाई संपत आलेला ठसा आवडतो. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, पण कळल्यावर मुद्दाम वाढवलं. रंगही तसेच कमी होत गेले. आता काळ्या जमिनीचा रंग, हळदीचा पिवळा आणि कच्च्या केळीचा हिरवा, एवढ्यावर माझं काम चालतं. तुमच्या वहीत दुसरंच काही निघेल आणि तेच निघायला हवं. शिकण्यासाठी दुसऱ्याचं कार्ड बघून तसंच करायला काहीच हरकत नाही, तंत्र त्यातूनच कळतं. विकायचं असेल तर मात्र विकतच्या शिक्क्याच्या कंपनीची परवानगी आहे का ते आधी पाहा. काही कंपन्या हाताने मारलेले ठसे विकू देतात, पण यंत्राने छापून विकू देत नाहीत.

आपल्याकडच्या उन्हाचं एक सांगते, ते व्हिडिओत कुणी सांगत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा उघडं पॅड बघता बघता सुकतं. काम झालं की लगेच झाकण लावा, आणि फोमचं पॅड असेल तर बंद करून उपडं ठेवा, म्हणजे शाई वरच्या बाजूला राहते. शिक्के खिडकीत ठेवू नका, रबर कडक होतं आणि पॉलिमर पिवळं, चिकट होतं. खोडरबर दुपारी फार मऊ पडतो, कोरकाम सकाळीच बरं. कोरलेले रबर प्लॅस्टिकच्या डबीत तसेच टाकले की डबीला चिकटून बसतात. कागदात गुंडाळून ठेवा.

राहिली हीट गन. ती मुख्यतः एम्बॉसिंगसाठी लागते: पिगमेंट शाईचा ओला ठसा, त्यावर एम्बॉसिंगची पावडर, जादा पावडर झटकायची, मग गरम हवेने वितळवायची की रेघ उठावदार आणि चकचकीत होते. हेअर ड्रायरने हे होत नाही, त्यात उष्णता कमी आणि वारा जास्त, पावडर वितळण्याआधीच उडते. पहिल्या वर्षी मी तरी घेऊ नका म्हणेन, त्या पैशांत एक चांगली पटाशी आणि दोन पॅड येतात. घेतलीतच तर ठसा मारण्याआधी कागदावर थोडी टाल्कम पावडर फिरवून पुसून घ्या, नाहीतर कण नको तिथे चिकटतात. छताचा पंखा बंद ठेवा, आणि झटकलेली पावडर खालच्या कागदावर गोळा करून परत डबीत भरा, ती वाया जात नाही.