सही मागून येऊ द्या

"ताई, वय 63. शेजारच्या मुलीकडून पत्र लिहून घेतेय. नातू पहिलीत गेलाय. पुस्तक आणून 'आजी, वाच ना' म्हणतो, मी चष्मा सापडत नाही म्हणते. बँकेत अंगठा उठवताना मान वर होत नाही. निदान सही तरी यावी. मालक म्हणतात, आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय?"
– एक आजी, सातारा जिल्हा

मावशी,

कलेक्टरला कागद वाचून दाखवायला माणसं असतात. तुम्हाला नाहीत, म्हणून तर वाचता यायला हवं. मालकांना एवढंच सांगा.

पण आधी सहीच्या मागे लागू नका. नुसती घोटून आलेली सही म्हणजे रांगोळी; हात वळतो, अक्षर कळत नाही. शिवाय अंगठा उठवणारीला 'यात काय लिहिलंय?' असं विचारता तरी येतं. सही ठोकली की समोरचा धरून चालतो, बाईंनी वाचलंय.

अ-आ-इ-ईची रांगही सोडा. ग, म, भ, न घ्या. चौघांनाही उजवीकडे उभा दांडा, फरक काय तो डावीकडच्या वळणात. पहिल्याच दिवशी 'मग', 'मन', 'नग' वाचाल. काना आला की 'मान' आणि 'नाग'. मग र, व, ब, क. त्यात एक ड मिळवला की एसटीवरची 'कराड'ची पाटी तुमची. जोडाक्षरं सावकाश येतील, तिथं शाळकरी पोरंही अडखळतात.

आणि चष्म्याची थाप मारता ना, तो खरंच करून घ्या! चाळिशीनंतर जवळचं धूसर होतंच. अक्षर डोक्यात शिरत नाही म्हणून कितीतरी बाया पाटी ठेवून देतात, आणि मुळात ते नीट दिसलेलंच नसतं.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत 'उल्लास'ची चौकशी करा. 15 वर्षांपुढच्या निरक्षरांसाठीच आहे तो कार्यक्रम. शेवटी 150 गुणांची परीक्षा असते, वाचन, लेखन, आकडेमोड. तुमचा बाजारहिशोब तोंडी चालत असणारच, म्हणजे आकडेमोडीची धास्ती नको. मुरबाडजवळ फांगण्याला 2016 साली आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथं नव्वदीच्या आज्याही गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन बसल्या.

नातवाला मात्र आजच सांगून टाका, मला येत नाही, तू शिकव. तो हसेल. घटकाभर हसू द्या, मग त्याचीच पाटी मागून घ्या.