गावातलं जुनं चर्च श्रमदानातून वाचवता येईल का? गिलावा पडतोय, पोरं तयार आहेत, सिमेंटची पोती द्यायला दाताही मिळालाय. सुरुवात कुठून करू?

सुरुवात ती पोती परत करण्यापासून करा.

मी वसईचा. आमच्या चर्चच्या भिंती दगड-चुन्याच्या. कधीतरी कोणीतरी समुद्राकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून ठेवला होता. चुन्याची भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. वर सिमेंट चढलं की ओल आत कोंडते, तिच्यासोबत क्षार येतो आणि भिंतीला लोणा धरतो. आमचा गिलावा बोटाने ठोकला तर पोकळ वाजायचा. पोपडा काढला की मागचा चुना पिठासारखा गळायचा. यावर कमिटीतल्या एका इंजिनिअरचा उपाय काय, तर आणखी जाड थर! मी विरोध केला तर मला जुनाट ठरवलं.

शेवटी चुन्याचं काम येणारा एक म्हातारा गवंडी शोधून आणला. पाऊस सरल्यावरच हात घालायचा, ही त्याची अट, म्हणजे पुढच्या पावसाआधी चुना पक्का होतो. सिमेंट छिन्नीने हळूहळू सोडवलं. चुना हौदात भिजवून मुरत ठेवला. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. संध्याकाळची रोझरी आटोपली की बाया भाजक्या विटा कुटायला बसत, त्यात माझी आईही. ती सुरखी चाळून चुन्यात मळली, भिंत भिजवून पातळ थर दिले आणि वर ओली गोणपाटं टांगली. ती ओली ठेवायचं काम पोरांचं. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली आणि हिवाळ्यात कोरडी ठणठणीत! इंजिनिअरसाहेब त्यावर आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत. सणाच्या दिवशी आभार मानले ते देणगीदारांचे, विटा कुटणाऱ्या एकीचंही नाव कोणी घेतलं नाही. तुम्ही पाटी लावणार असाल तर आधी त्या बायांची नावं कोरा, दात्यांची खाली.

खर्चाचं म्हणाल तर आमचे पैसे मालापेक्षा गवंड्याच्या मजुरीत आणि परांचीत गेले. तिथे काटकसर करू नका.

आणि छप्पर. दर मे महिन्यात कौलं चाळून घ्या, फुटकी बदला, वाश्यांना वाळवी आहे का बघा. मोठा जीर्णोद्धार करून वीस वर्षं विसरून जाणाऱ्या गावापेक्षा दरवर्षी कौलं चाळणारं गाव चर्च टिकवतं. 1739 च्या लढाईनंतर वसई किल्ल्यातलं पोर्तुगीज शहर ओस पडलं. तिथल्या चर्चांची छपरं गेली, भिंतींत झाडं रुजली. बघणारं माणूस उरलं नाही की असं होतं.

हो, पोरांना परांचीवर चढवू नका, ते गवंड्याचं काम. भिंत कललेली असेल किंवा मोठा तडा असेल तर जुन्या बांधकामाचा जाणकार आधी बोलवा, तिथे श्रमदान चालत नाही. बिशप हाऊसची लेखी परवानगी घ्या. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकू नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकामही करता येत नाही.