चक बेरी यांची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर त्यांचे कोणते चित्रपट पाहावेत?

चक बेरी यांची गाणी आपण ऐकली आहेत आणि आता त्यांना पडद्यावर पाहायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी हे ठरत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते त्यांनी काम केलेले कथापट मागे ठेवावेत आणि त्यांचे प्रत्यक्ष गाणे-वाजवणे टिपणारे चित्रपट आधी पाहावेत.

१९२६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे जन्मलेल्या, रॉक अँड रोलचे गायक-गिटारवादक असलेल्या बेरी यांनी पियानोवादक जॉनी जॉन्सन यांच्या छोट्या वाद्यवृंदात गिटार वाजवत नाव मिळवले आणि १९५५ मध्ये, ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या सल्ल्यावरून, शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीचे दार ठोठावले. तिथे निघालेली ‘मेबेलीन’ ही पहिलीच तबकडी गाजली. मात्र गीतकार म्हणून तिच्यावर रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड यांचेही नाव छापले गेले होते. गाण्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला त्याच्या मानधनात वाटा मिळावा, हा मला आजही उघड अन्याय वाटतो. फ्रीड यांचे वजनच इतके होते की ‘रॉक, रॉक, रॉक!’ (१९५६), ‘मिस्टर रॉक अँड रोल’ (१९५७) आणि ‘गो, जॉनी, गो!’ (१९५९) या बेरी यांच्या तिन्ही कथापटांत ते स्वतःही झळकले. यांतल्या शेवटच्या चित्रपटात बेरी यांना संवादही आहेत आणि ते सहजपणे बोलतात. परंतु या चित्रपटांतली गाणी आधी मुद्रित केलेल्या आवाजावर ओठ हलवून चित्रित केलेली आहेत. गुडघे वाकवून, एक पाय पुढे टाकत ते गिटारसह रंगमंचभर सरकतात तो प्रसिद्ध डकवॉक ‘रॉक, रॉक, रॉक!’मध्ये नक्की पाहावा, मात्र त्यांची बोटे त्या क्षणी काय वाजवत होती हे तिथे कळत नाही.

ते कळते ‘जॅझ ऑन अ समर्स डे’मध्ये. १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाचे हे चित्रण आहे. ड्रमवर जो जोन्स यांच्यासारखे मुरलेले जॅझवादक साथीला आहेत, मध्येच क्लॅरिनेटची फेरी येते, आणि या अनोळखी साथीतही बेरी आपली लय तसूभर ढळू देत नाहीत. १९६४ चा ‘टॅमी शो’ हा अनेक कलावंतांच्या मैफलीचा चित्रपटही जमल्यास पाहावा.

सर्वांत समृद्ध चित्रपट म्हणजे टेलर हॅकफर्ड यांचा ‘हेल! हेल! रॉक अँड रोल’ (१९८७). बेरी यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त ‘रोलिंग स्टोन्स’चे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांनी उभा केलेला कार्यक्रम सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये झाला. लहानपणी वडिलांबरोबर चित्रपट पाहायला गेले असता याच थिएटरच्या तिकीटखिडकीवरून, केवळ कृष्णवर्णीय म्हणून, आपल्याला परत पाठवले होते, हे बेरी स्वतः सांगतात. एकटी गिटार घेऊन गावोगाव जायचे, मानधन आधी रोख घ्यायचे आणि साथीला स्थानिक वादक उभे करायचे, ही त्यांची अनेक वर्षांची रीत होती. अशाच एका रात्री साथ केलेले रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन तो अनुभव इथे सांगतात. तालमीत ‘कॅरोल’ या गाण्याच्या सुरुवातीवरून बेरी रिचर्ड्स यांना पुन्हा पुन्हा थांबवतात, तो प्रसंग मला मैफलीपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण हट्टी, प्रसंगी कठोर, पण आपल्या सुरावटीच्या बारकाव्यांबाबत तडजोड न करणारा कलावंत तिथे कोणत्याही आवरणाशिवाय दिसतो.

याच चित्रपटात पियानोवर जॉनी जॉन्सन परत आले. त्या काळात ते सेंट लुईसमध्ये बस चालवून उपजीविका करत होते. बेरी यांची कितीतरी गाणी गिटारवादकाच्या नव्हे, तर पियानोवादकाच्या सोयीच्या पट्ट्यांत आहेत, असे रिचर्ड्स यात आग्रहाने मांडतात. ते ऐकल्यानंतर जुन्या तबकड्या पुन्हा लावाव्यात आणि या वेळी लक्ष पियानोकडे ठेवावे.