बोटीच्या मागे घरी बनवलेला लाकडी प्लॅटफॉर्म बसवता येतो का?

मांडव्याजवळ नांगर टाकून पोहणाऱ्यांसाठी फायबरच्या बोटीला मागे लाकडी प्लॅटफॉर्म घरी बनवून बसवता येईल का, असा आपला प्रश्न आहे. जरूर येईल, मात्र सुतारकामापेक्षा बोल्टांची भोके अधिक काळजीने करावी लागतात.

लाकूड सागाचेच घ्यावे आणि त्यावर पॉलिश लावू नये, कारण ओल्या पॉलिशवर पाय घसरतो. सलग फळीऐवजी पट्ट्या वापरून त्यांत बोटभर फट ठेवावी, म्हणजे खालून आदळणारी लाट वर निघून जाते आणि प्लॅटफॉर्म धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर ताण कमी येतो.

अनेक बोटींच्या मागच्या भिंतीत प्लायवूड असते आणि भोकातून पाणी मुरले की ते आतून कुजते. म्हणून भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने) भरावे, ते घट्ट झाल्यावर त्यातूनच बोल्टच्या मापाचे भोक पाडावे, आणि बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, आतून रुंद धातूची पट्टी देऊन, पॉलियुरेथेन सीलंटमध्ये (पाणी अडवणाऱ्या लेपात) बसवावेत. साधे ३०४ ग्रेडचे स्टील मुंबईच्या खाऱ्या हवेत लवकर डागाळते. नुसते स्क्रू मारणारा कारागीर भेटला, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असताना लाकूडकाम उरकावे, पण इपॉक्सी ओलाव्यात नीट धरत नसल्याने जोडणी ऑक्टोबरनंतरच करावी. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेले) इंजिन पूर्ण वर उचलून आणि दोन्ही बाजूंना वळवून ते प्लॅटफॉर्मला अडत नाही, हे मात्र भोके पाडण्याआधीच तपासावे. इंजिन चालू असताना प्लॅटफॉर्मवर कोणालाही उभे राहू देऊ नये.